माठ गार करतो, थर्माकोल गार ठेवतो

एप्रिल लागला की तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज या पट्ट्यात द्राक्षबागांची खरड छाटणी सुरू होते. माल उतरलेला असतो, छाटणी पुढे सरकेल तशी मांडवावरची सावली जाते, आणि उन्हाच्या ऐन तडाख्यात माणसं कात्री घेऊन ओळींमध्ये उभी राहतात. बांधावर प्लॅस्टिकच्या निळ्या कॅनमध्ये त्यांचं पाणी तापत असतं. अकरा-साडेअकराला त्या कॅनमधलं पाणी ज्यानं तोंडाला लावलंय, त्याला वेगळं सांगायला नको. दोन घोट घेऊन माणूस पेला खाली ठेवतो. तहान असूनही पाणी कमी प्यायलं जातं, आणि ऊन बाधायला तेवढं पुरतं.

त्याच दिवसांत गावोगाव यात्रा असतात, लग्नं असतात. मांडवामागं थर्माकोलच्या खोक्यात बर्फ आणि त्यात सरबताच्या बाटल्या. भोवती सल्ले देणारे चार जण असतात. एक म्हणतो, ओलं फडकं गुंडाळा. दुसरा म्हणतो, बर्फावर मीठ टाका. तिसरा म्हणतो, वितळलेलं पाणी आधी काढून टाका. घोंगडी मात्र कुणी आणू देत नाही, कारण घोंगडी गरम असते. यातले काही सल्ले एका ठिकाणी अगदी बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी साफ चूक आहेत. कुठला कुठं लागू पडतो हे कळलं तर उन्हातही पाणी, ताक, सरबत गार राहू शकतं, आणि त्याला फार खर्चही येत नाही.

गारवा आत येत नाही, उष्णता बाहेर जाते

आपण म्हणतो, "झाक, नाहीतर गारवा निघून जाईल." बोलायला ठीक आहे, पण गारवा नावाची वस्तू नसते. असते ती उष्णता. ती नेहमी जास्त तापलेल्याकडून कमी तापलेल्याकडं जाते, जशी पाटातलं पाणी उताराकडं धावतं. चाळीस अंशांच्या हवेत पाच अंशांची बाटली ठेवली, की चहूबाजूंनी उष्णता तिच्यात शिरायला लागते.

म्हणून आपल्यापुढं दोन कामं असतात. पहिलं, पाण्यात आधीच असलेली उष्णता बाहेर काढणं, म्हणजे गार करणं. दुसरं, बाहेरची उष्णता आत येऊ न देणं, म्हणजे गार ठेवणं. माठ पहिलं काम करतो, थर्माकोलचं खोकं दुसरं. बहुतेक घोटाळा या दोघांची गल्लत केल्यामुळं होतो. कोमट पाणी थर्मासमध्ये भरलं तर संध्याकाळपर्यंत ते कोमटच राहतं. थर्मास बिघडलेला नसतो, पाणी जसं दिलं तसं राखणं एवढंच त्याचं काम असतं.

हिशोबासाठी एक माप ठरवून घेऊ. एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते, तिला किलोकॅलरी म्हणतात. पुढं मी तिला नुसतं 'माप' म्हणेन. एक लिटर पाणी 35 वरून 25 अंशांवर आणायचं म्हणजे त्यातून दहा मापं काढायची.

बेदाण्याच्या शेडमध्ये काय चालतं

माठ कसा चालतो हे समजून घ्यायचं असेल तर बेदाण्याच्या शेडकडं बघावं. द्राक्षं जाळीवर पसरलेली असतात, वर छप्पर असतं, बाजूंनी वारा खेळतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. बाकीचं तीन किलो पाणी वाफ होऊन हवेत जातं. चूल नाही की बॉयलर नाही, शिवाय द्राक्षं सावलीत. मग ही वाफ करायला उष्णता येते कुठून?

ती आजूबाजूच्या हवेतून आणि त्या फळातूनच येते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 मापं उष्णता लागते. तीन लिटरला 1740. तुलनेसाठी, एक किलो बर्फ वितळताना 80 मापं ओढून घेतो. म्हणजे एक किलो बेदाणा तयार होताना जेवढी उष्णता शोषली जाते, तेवढी शोषायला 21 किलोंहून जास्त बर्फ लागेल. आकडा मोठा वाटतो, पण ते काम पंधरा दिवसांवर पसरलेलं असतं म्हणून जाणवत नाही.

माठात हेच घडतं. भाजलेल्या मातीत डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी झिरपून बाहेरच्या अंगावर येतं आणि तिथून उडून जातं. उडताना 580 च्या हिशोबानं उष्णता नेतं, आणि त्यातली बरीच मागं राहिलेल्या पाण्यातून नेतं. घाम आल्यावर वाऱ्याची झुळूक गार लागते तीही याचमुळं.

दहा लिटरचा माठ 35 वरून 25 वर यायला 100 मापं काढावी लागतात. 580 च्या दरानं त्यासाठी पावणेदोनशे मिलिलिटर पाणी उडालं की झालं, म्हणजे एक पेला. प्रत्यक्षात बाहेरून उष्णता सतत आत येत असते म्हणून दोन-तीन पेले जातात. दहा लिटरमधले दोन-तीन पेले देऊन बाकीचं सगळं गार मिळतं. इतका स्वस्त सौदा दुसरा नाही.

माठ गार करून करून किती करणार?

हवामान खात्याच्या केंद्रात दोन तापमापक शेजारी शेजारी असतात. एक कोरडा. दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीचं ओलं फडकं बांधलेलं असतं. ओल्यावरून पाणी उडत राहतं, म्हणून तो कमी तापमान दाखवतो. त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. आपण 'ओला पारा' म्हणू.

माठाची हद्द हा ओला पारा ठरवतो. माठ त्याच्या जवळ जाऊ शकतो, खाली नाही. हवा 40 अंश आणि आर्द्रता 20 टक्के, म्हणजे आपल्याकडची कोरडी एप्रिलची दुपार असेल, तर ओला पारा 22-23 अंशांच्या आसपास असतो. चांगला माठ अशा दिवशी 25-26 पर्यंत पाणी आणतो. उलट, आंबा घाट उतरून रत्नागिरीकडं जा. तिथं हवा 33 अंश आणि आर्द्रता 70 टक्के असली तर ओला पारा 28 च्या वर असतो. पारा आपल्यापेक्षा सात अंश कमी, तरी तिथला माठ आपल्या माठाइतका गार होत नाही. हवा आधीच पाण्यानं भरलेली, ती आणखी पाणी घेणार कुठून?

जी हवा बेदाणा वाळवते तीच माठ गार करते. मे महिन्यात वळवाचे ढग जमायला लागले की बेदाणावाल्यांचा जीव खालीवर होतो, आणि नेमका तेव्हाच घरातला माठही "गार करीना" होतो. माठ तोच असतो, हवा बदललेली असते.

माठाला हवं ते द्या

त्याला सावली लागते, वारा लागतो आणि उघडं अंग लागतं. बेदाण्याच्या शेडला जे लागतं तेच. तरीही कितीतरी घरांत माठ स्वयंपाकघराच्या बंद कोपऱ्यात, भिंतीला चिकटवून ठेवलेला दिसतो. तिथं त्याच्याभोवतीची हवा दमट होऊन तशीच थांबते आणि काम मंदावतं. तिवईवर किंवा ओल्या वाळूवर, चारी बाजूंनी वारा लागेल असा ठेवा. बाहेरून ऑइलपेंट मारलेले, नक्षीचे चकचकीत माठ दिसायला सुंदर असतात, पण रंगानं छिद्रं बुजतात आणि माठाचं नुसतं भांडं होतं.

बोअरच्या जड पाण्यानंही छिद्रं बुजतात. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात, आणि काही महिन्यांत अंगावर पांढरी पुटं चढतात. काथ्यानं, साबण न लावता, आतून-बाहेरून घासून माठ उन्हात कडकडीत वाळवला तर थोडा जीव येतो. साबण नको, कारण तो छिद्रांत बसतो आणि पुढं पाण्याला त्याची चव येते. फारच पुटं धरली असतील तर कुंभाराकडून नवा घ्यावा.

एक गोष्ट मात्र नक्की ध्यानात ठेवा. माठ पाणी गार करतो, शुद्ध करत नाही. हात बुडवून पेला भरला की हाताची घाण आत. लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटी हवीच.

माठ शेतात नेता येत नाही, मग?

मग कॅनचाच माठ करायचा. प्लॅस्टिकच्या कॅनला गोणपाट दोन पदरांत गुंडाळून सुतळीनं बांधा, भिजवा, आणि सावलीत वाऱ्याला टांगा किंवा उंचावर ठेवा. पाणी आतून झिरपत नाही एवढाच फरक, म्हणून तासा-दीडतासानं गोणपाटावर पाणी मारावं लागतं. एरवी तत्त्व तेच, हद्दही तीच. ज्वारीचं किंवा साखरेचं प्लॅस्टिकचं पोतं मात्र चालत नाही, ते पाणी धरून ठेवत नाही. सुती कापड, ताग, जुनी चादर चालते.

वारा असेल तर थोडं ऊन लागलं तरी चालतं, असं काहींना वाटतं. नाही चालत. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर उन्हातून सुमारे 1000 वॅट पडतात. घरातली इस्त्री साधारण तेवढ्याच ताकदीची असते. तुमचा गोणपाट एका बाजूनं उष्णता काढतोय आणि दुसऱ्या बाजूनं इस्त्री फिरतेय, असा तो प्रकार. बांधावर झाड नसेल तर चार काठ्या आणि एक जुना शेडनेटचा तुकडा पुरतो.

ताक किंवा सरबत मातीच्या भांड्यात झिरपवायचं नसेल तर दोन भांड्यांची युक्ती आहे. मोठ्या मातीच्या भांड्यात लहान भांडं, मधल्या फटीत वाळू, वाळूत पाणी, वर ओलं फडकं. नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी 1990 च्या दशकात भाजी टिकवण्यासाठी ही भांडी गावोगाव पोचवली. आपल्याकडं विटांच्या दुहेरी भिंतीत ओली वाळू भरून केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष भारतीय कृषी अनुसंधान संस्थेनं विकसित केला, तोही याच तत्त्वावर चालतो.

आणि विहीर असेल तर प्रश्नच मिटला. जमिनीखालच्या पाण्याचं तापमान वर्षभराच्या सरासरीजवळ राहतं, आपल्या भागात पंचवीस-सव्वीसच्या घरात. म्हणून ते उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट लागतं, खरं तर ते फारसं बदललेलंच नसतं. कलिंगड जाळीत घालून विहिरीत सोडायची पद्धत यातूनच आली. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट सहज उष्णता वाहून नेतं, म्हणून बुडवलेली बाटली हवेत टांगलेल्या बाटलीपेक्षा कितीतरी लवकर गार होते.

बर्फाचा हिशोब

पंचवीस अंशांचं पाणी तहान भागवतं, पण लग्नातल्या मठ्ठ्याला लोकांना दात शिवशिवतील असा गारवा हवा असतो. तिथं बर्फ लागतो. किती?

समजा वीस लिटर मठ्ठा 30 अंशांचा आहे आणि 8 अंशांवर आणायचाय. बावीस अंश गुणिले वीस लिटर म्हणजे 440 मापं. एक किलो बर्फ वितळताना 80 मापं घेतो, आणि वितळलेलं पाणी शून्यावरून आठ अंशांवर येताना आणखी 8. एकूण 88. म्हणजे पाच किलो बर्फ लागला. आता तोच मठ्ठा आधी ओल्या वाळूत किंवा विहिरीच्या पाण्यात ठेवून 24 वर आणला, तर 320 मापंच उरतात आणि बर्फ साडेतीन किलोंच्या जरा वर लागतो. सव्वा किलोहून जास्त बर्फ वाचला, आणि मठ्ठ्यात तेवढं पाणीही कमी मिसळलं. पाहुण्यांना पातळ मठ्ठा वाढायची वेळ बहुतेकदा या एका पायरीला फाटा दिल्यानं येते.

लवकर गार करायचं असेल तर बर्फ फोडून घ्या, कारण तुकडे जितके जास्त तितकं त्यांचं उघडं अंग जास्त. दिवसभर टिकवायचा असेल तर लादी अखंड ठेवा. एकाच खोक्यात दोन्ही कामं हवी असतील तर अर्धी लादी तशीच आणि अर्धी फोडून.

घोंगडी गरम असते, मग बर्फ वितळणार नाही का?

माण, आटपाडी, जत भागात बहुतेक घरांत घोंगडी सापडते, आणि बर्फावर ती घालायची म्हटलं की घरात विरोध होतो. पण घोंगडी स्वतः गरम नसते. तिच्यात ना विस्तव असतो ना वीज. तिच्या लोकरीत हवा अडकलेली असते, आणि अडकलेली, न हलणारी हवा उष्णता फार सावकाश पुढं सोडते. थंडीत आत तुम्ही गरम असता, म्हणून ती तुमची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. उन्हात आत बर्फ असतो, म्हणून ती बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. राखणदार तोच, फक्त तोंड फिरवलेलं.

थर्माकोल तेच करतं. ते जवळपास सगळं हवेनं भरलेलं असतं, प्लॅस्टिक नावापुरतं. भुसा, भाताचं तूस, वर्तमानपत्रांची थप्पी यांचंही काम तेच. 1833 मध्ये बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यानं 'टस्कनी' नावाच्या जहाजातून 180 टन बर्फ कोलकात्याला पाठवला. चार महिन्यांचा प्रवास, त्यात विषुववृत्त ओलांडायचं, तेही दोनदा. तरी सुमारे 100 टन बर्फ पोचला. तेव्हा यंत्रानं केलेला गारवा नव्हताच, होता तो नीट बांधलेला कोठा आणि लाकडाचा भुसा. आपल्याला तर फक्त सकाळपासून जेवणावळीपर्यंत टिकवायचाय.

थर्मासमध्ये हवाही काढून टाकलेली असते. दोन भिंतींच्या मधे पोकळी, म्हणजे उष्णतेला चालायला रस्ता फारसा उरत नाही. 1892 मध्ये जेम्स ड्यूअर यांनी हे भांडं प्रयोगशाळेसाठी केलं होतं. आज मुलांच्या शाळेच्या स्टीलच्या बाटलीत तेच तत्त्व आहे, ती दुहेरी भिंतीची असेल तर. एकेरी स्टीलची बाटली उन्हात काही राखत नाही.

फ्रीजमधल्या बाटलीला ओलं फडकं गुंडाळायचं का?

नाही. इथंच बरेच जण चुकतात.

ओला पारा 23 असेल तर ओलं फडकं 23 च्या आसपास स्थिरावतं. आत पाच अंशांची बाटली आहे. म्हणजे तुम्ही गार बाटलीला तिच्यापेक्षा अठरा अंशांनी तापलेलं, शिवाय ओलं म्हणून उष्णता झरझर वाहून नेणारं कापड लपेटलं. कोरडं, जाड कापड हवं. कॅनचं पाणी 35 अंशांचं असताना ओलं गोणपाट बरोबर होतं, कारण तिथं पाणी ओल्या पाऱ्याच्या वर होतं. ओल्या पाऱ्याच्या वर असेल तर ओलं, खाली असेल तर कोरडं.

थर्माकोलच्या खोक्यावर ओलं पोतं टाकल्यानं बिघडत काही नाही, पण फायदाही थोडाच. थर्माकोल आपलं काम करतच असतं. त्याऐवजी खोकं सावलीत सरकवा.

गार बाटलीवर जे दव जमतं तेही निरुपद्रवी नाही. वाफ होताना पाणी जी 580 मापं नेतं, तीच वाफेचं पाणी होताना परत देतं, आणि देतं ती बाटलीला. दहा ग्रॅम दव जमलं तर एक लिटर पाणी पाच-सहा अंशांनी तापायला पुरेल एवढी उष्णता त्यातून सुटते. म्हणून बाटलीला कोरडं लोकरी किंवा सुती आवरण घालायचं, म्हणजे दमट हवा काचेपर्यंत पोचतच नाही.

याच कारणानं माठात बर्फ टाकू नये. पाणी ओल्या पाऱ्याच्या खाली गेलं की माठाचं अंग बाहेरून उष्णता ओढायला लागतं. मातीच्या पातळ भिंतीला अडवायची सवय नाही. बर्फ वाया जातो.

वितळलेलं पाणी, मीठ आणि निळा बर्फ

खोक्यात बर्फ शिल्लक आहे तोवर त्यातलं पाणीही शून्याच्या आसपासच असतं. ते काढून टाकलं की बाटल्यांभोवती हवा येते, आणि हवा उष्णता सावकाश नेते. बाटल्या गार करायच्या असतील तर पाणी राहू द्या. थोडं बर्फाळ पाणी वरून घातलं तरी चालेल. खोक्यात कागदात बांधलेलं खाणं असेल तर मात्र पाणी काढावं लागतं.

मीठ टाकल्यावर बर्फ खरोखर जास्त गार होतो. मीठ आणि बर्फाचं मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतं, म्हणून तर हातानं फिरवायच्या आईस्क्रीमच्या भांड्यात मीठ घालतात. पण त्यासाठी बर्फ लवकर वितळतो. अर्ध्या तासात कुल्फी गोठवायची असेल तर मीठ. दिवसभर सरबत गार ठेवायचं असेल तर नको.

बर्फ पेयात टाकणार असाल तर तो खाण्याचाच हवा. मासे किंवा इतर माल थंड ठेवायचा बर्फ कुठल्या पाण्याचा आहे याची खात्री नसते. म्हणूनच 2018 मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं अखाद्य बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक केलं. निळसर लादी दिसली तर ती बाटल्यांभोवती टाका, पेल्यात नको. आणि रंग नाही म्हणजे खाण्याचाच, असंही धरू नका, विकणाऱ्याला विचारा. मठ्ठ्याच्या पातेल्यात बर्फ टाकण्यापेक्षा पातेलंच बर्फाच्या टबात ठेवलेलं मला तरी बरं वाटतं. दूध, ताक, उसाचा रस असल्या पेयांत 5 ते 60 अंशांच्या मधे जंतू वाढतात, आणि आपल्या उन्हाळ्याची दुपार बरोबर त्यात बसते. आंबूस वास आला की टाकून द्यावं, बर्फ टाकून वाचवू नये.

उद्या सकाळी बागेत

सिमेंटच्या किंवा काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीतलं पाणी भरू नका, ते आदल्या दुपारचं तापलेलं असतं. पहाटे बोअर किंवा विहिरीतून थेट भरा, पंचवीस-सव्वीस अंशांचं मिळेल. कॅन भरल्या भरल्या गोणपाट भिजवा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नेताना कोरड्या पोत्याखाली झाका, बागेत पोचल्यावर ओलं अंग वाऱ्याला उघडं करा. कॅन मांडवाच्या छाटून झालेल्या ओळीत ठेवू नका, अजून पानं असलेल्या बाजूला ठेवा, आणि कामगार पुढं सरकतील तसा तोही पुढं सरकवा. दर तासाला कुणीतरी एक तांब्या पाणी गोणपाटावर ओतेल असं आधीच ठरवून घ्या, कारण सगळ्यांनी करायचं म्हटलं की कुणीच करत नाही. अकरा वाजता त्या कॅनमधून पेला भरला की पाणी सकाळच्याइतकंच गार लागतं, आणि कात्री खाली ठेवून माणूस दुसरा पेला मागतो.